बालोद्यानाचा माळी : फ्रेडरिक फ्रोबेल

वाचकहो, आपल्या मंदिराच्या आवारात किंवा शेजारच्या गल्लीत एखादी बालवाडी असेलच. वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बाग, हे कोकणातील वाचकांस सांगावयास नको. पण लहान मुलांच्या शाळेला बागेचे नाव प्रथम ज्याने दिले, त्याच्या मनात खरीखुरी माती, बी आणि पाणी होते, हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. तो मनुष्य एका पाळकाचा मुलगा होता, आणि आयुष्याच्या अखेरीस त्याच्याच कार्यावर नास्तिकतेचा आळ आला. त्याचे नाव फ्रेडरिक फ्रोबेल.

जर्मनीतील थुरिंगियाच्या अरण्यात ओबरवाइसबाख नावाचे खेडे आहे. तेथे २१ एप्रिल १७८२ रोजी फ्रेडरिकचा जन्म झाला. तो नऊ महिन्यांचा असताना आई देवाघरी गेली. वडील लुथरन पाळक. आसपासच्या कित्येक वस्त्यांचा भार त्यांच्यावर. उपासना, प्रेतक्रिया, मंडळीतील भांडणे यांतून घरच्या पोरक्या लेकराकडे पाहण्यास त्यांस सवड नसे. पुढे सावत्र आई आली. प्रथम तिने त्याला जवळ केले. पण स्वतःचा मुलगा झाल्यावर ती त्याला ‘तू’ म्हणेनाशी झाली. जर्मन भाषेत परक्या माणसास हाक मारण्याची जी तुटक रीत होती, ती तिने या बालकासाठी वापरली. आपल्या मराठीत आईच्या ‘अरे’मध्ये किती माया असते हे आपण जाणताच. तो ‘अरे’ हिरावला गेल्याचे दुःख फ्रोबेल म्हातारपणापर्यंत विसरले नाहीत.

पाळकाच्या घराभोवती भिंती आणि कुंपण होते, आणि आत एक बाग होती. फ्रेडरिकचे बालपण त्या बागेत गेले. तण उपटणे, रोपांना पाणी घालणे हे त्याचे खेळ. एकदा थोरला भाऊ क्रिस्टॉफ सुटीत घरी आला होता. हेझल नावाच्या झुडपाच्या कळ्यांतून निघालेले जांभळे तंतू पाहून फ्रेडरिक हरखून गेला होता. क्रिस्टॉफने त्याला झाडांमध्येही नर-मादी फुले असतात, आणि त्यांच्या मीलनातून फळ धरते, हे समजावून सांगितले. वडिलांच्या खोलीतून नवरा-बायकोंच्या तक्रारी ऐकून धास्तावलेल्या त्या मुलाला त्या दिवशी देवाची सृष्टी स्वच्छ आणि सुसंगत वाटली.

दहाव्या वर्षी मामाने त्याला आपल्या घरी, श्टाटइल्म गावी नेले. मामाही पाळकच, पण त्याच्या घरी विश्वास आणि मोकळेपणा होता. पुढील वर्षे मी भराभर सांगतो. वनरक्षकाकडे दोन वर्षे उमेदवारी, येना येथील विद्यापीठ, जमीनमोजणी, फ्रँकफुर्ट येथे शिक्षकाची नोकरी. मग १८०८ ते १८१० स्वित्झर्लंडमध्ये थोर शिक्षक पेस्टालोझी यांचा सहवास. पुढे बर्लिनमध्ये स्फटिकांचा अभ्यास, मध्येच नेपोलियनविरुद्धच्या युद्धात शिपाईगिरी.

या युद्धाच्या काळातच, १८१३ मध्ये, भाऊ क्रिस्टॉफ वारला. तोही पाळक झाला होता. आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना त्याला तापाची लागण झाली. त्याची तीन मुले पोरकी झाली. पोरकेपण म्हणजे काय हे फ्रोबेल यांस कोणी शिकवावयास नको होते. बर्लिनमधील सुरक्षित नोकरी सोडून १८१६ मध्ये ते भावाच्या घरी आले, आणि ती तीन व दुसऱ्या भावाची दोन अशा पाच पुतण्यांना घेऊन त्यांनी शाळा काढली. ती पुढे काइलहाऊ या खेड्यात गेली. पुतण्यांची नावे येथे देत नाही. पण त्यांतील एकाची गाठ पुढे पुन्हा पडणार आहे.

वीस वर्षे थोर मुलांना शिकविल्यावर फ्रोबेल यांची खात्री झाली की शाळेत मूल येते तेव्हा फार उशीर झालेला असतो. पहिली सहा-सात वर्षे आईच्या मांडीवर आणि अंगणात जातात. त्या वर्षांकडे कोणी पाहतच नव्हते. म्हणून १८३७ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी बाड ब्लांकेनबुर्ग येथे त्यांनी नवे काम आरंभिले. ते प्रथम घरांसाठी होते. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, नळकांडे आणि घन, आठ तुकड्यांत विभागणारा ठोकळा, अशी खेळणी ते आयांसाठी पेट्यांत घालून देत. १८३८ पासून त्यांनी एक रविवारचे साप्ताहिकही चालविले. २८ जून १८४० रोजी संस्थेची स्थापना जाहीर झाली. काइलहाऊहून डोंगर ओलांडून येताना सुचलेले नाव तिला मिळाले : किंडरगार्टन, मुलांची बाग.

त्या बागेत प्रत्येक मुलाचा स्वतःचा लहानसा वाफा असे, आणि सर्वांभोवती सगळ्यांचे सामाईक वाफे. जागा अपुरी पडली तर दोघांत एक वाफा. कडेला मुलाचे नाव आणि रोपाचे नाव. आपल्या वाफ्यात मूल चुकले तरी चालेल. पण सामाईक वाफ्यात सर्वांनी मिळून काम करावयाचे. मला या योजनेत खेळण्यांच्या पेट्यांपेक्षा अधिक शहाणपण दिसते. खेळण्यांचे पुढे अनुयायांनी कवायतीत रूपांतर केले. मातीची कवायत करता येत नाही.

यासाठी शाळाच हवी असे नाही. आपल्या घरी तीन-चार वर्षांचे लेकरू असेल तर सोमवारी एका करवंटीत माती भरून त्याच्याच हाताने मेथी पेरवा. मंगळवारी काहीच दिसणार नाही. त्याला थांबू द्या. उकरून पाहील, पाहू द्या. म्हणूनच दुसरी करवंटी शेजारी ठेवावी. गुरुवार-शुक्रवारपर्यंत माती फोडून वाकलेली मान वर येते. त्या क्षणी आपण व्याख्यान देऊ नये. शनिवारी त्याचे ताट वाढताना भाजीतील मेथी आणि करवंटीतील मेथी शेजारी ठेवली की पुरे. फ्रोबेल यांनी १८४४ मध्ये आयांसाठी गीतांचे जे पुस्तक काढले, त्यातील रीत हीच. गवत कापण्याच्या गीतातून मूल कापणारा, गाय आणि धार काढणारी यांतून दुधापर्यंत पोहोचते. पक्ष्याच्या घरट्याच्या गीतात आईची बोटेच घरटे होतात.

फ्रोबेल यांस स्वतःचे मूल नव्हते. पत्नी विल्हेल्मिना १८३९ मध्ये निवर्तली होती. जर्मनीत ठिकठिकाणी बालोद्याने उघडू लागली, तरुण स्त्रिया शिकावयास येऊ लागल्या. लहान मुलांची शिक्षिका हा स्त्रियांसाठी सन्मानाचा व्यवसाय होऊ शकतो, हे त्या काळी नवीनच होते.

आणि मग ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या मंत्र्याने बालोद्यानांवर बंदी घातली. ती मुलांना नास्तिकता आणि समाजवाद शिकवितात, हा आरोप. कारण होते एक पुस्तिका. लेखक होता कार्ल फ्रोबेल, त्या पाच पुतण्यांपैकी एक, हेझलची फुले दाखविणाऱ्या क्रिस्टॉफचाच मुलगा. मंत्र्याने काका-पुतण्यांत घोटाळा केला. फ्रोबेल यांनी खुलासा पाठविला, राजाकडे दाद मागितली; उपयोग झाला नाही. ज्याने मुलांना प्रत्येक पानात निर्माणकर्त्याचा हात शोधावयास शिकविले, त्याला देवाचा शत्रू ठरविताना कोणी एकदा बागेत जाऊन पाहिले असते तर! ते स्वतः प्रशियाच्या हद्दीबाहेर, मारियेनथाल येथे राहत. त्यामुळे तेथील वर्ग चालू राहिला. तेथेच २१ जून १८५२ रोजी त्यांचा अंत झाला. श्वाइना येथील त्यांच्या कबरीवर घन, नळकांडे आणि गोल असे एकावर एक दगड आहेत.

बंदी १८६० मध्ये उठली. तोवर त्यांच्या शिष्यांनी बालोद्याने परदेशी नेली होती. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी १८८६ नंतर एका मराठी विधवेने ही पद्धत अभ्यासिली. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास गेलेल्या या बाई आपल्या देशातील विधवांना शिक्षिका करण्याचा विचार मनात घेऊन तेथेच राहिल्या. त्या पंडिता रमाबाई. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी शारदा सदन उघडले.