खडकांची पारख असलेले धर्मगुरू



ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या संत मेरी मॅकिलप यांचे नाव आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. त्यांच्यासोबत धर्मभगिनींचा संघ स्थापन करणारे फादर ज्युलियन टेनिसन-वुड्स मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत. आज आम्ही त्यांची ओळख करून देत आहोत.

१८३२ साली लंडनमध्ये जन्मलेले ज्युलियन १८५७ मध्ये ऑस्ट्रेलियात धर्मगुरू झाले. पेनोला येथील त्यांचा धर्मग्राम सुमारे ५६ हजार चौरस किलोमीटर पसरलेला होता. घोड्यावरून विखुरलेल्या कुटुंबांना भेटताना ते वाटेवरचे खडक, शंखशिंपले, झाडेझुडपे न्याहाळत. नाराकूर्टच्या गुहांत सापडलेल्या प्राचीन प्राण्यांच्या हाडांविषयी त्यांनी लिहिले. १८६२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या भूगर्भावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. निर्मितीच्या अभ्यासामुळे ते निर्मात्यापासून दूर गेले नाहीत.

याच प्रवासात त्यांना शाळेविना वाढणारी गरीब मुले दिसली. १८६६ मध्ये मेरी यांनी पेनोलात एका जुन्या तबेल्यात शाळा सुरू केली आणि संत जोसेफच्या भगिनींचा संघ जन्मास आला. फादरांनी संघाची नियमावली लिहिली.

खडकांची पारख असलेल्या फादरांना माणसांची पारख मात्र नेहमीच साधली नाही. काही भगिनींच्या दृष्टान्तांवर त्यांनी भाबडेपणाने विश्वास ठेवला. शाळांचे कर्जही वाढले. १८७१ मध्ये त्यांना अॅडलेड सोडावे लागले. त्याच वर्षी बिशपांनी मेरी यांना बहिष्कृत केले. पुढील वर्षी ती शिक्षा मागे घेतली. नंतर रोमने फादरांच्या नियमावलीत बदल केले. फादर दुखावले आणि मेरी यांच्याशी असलेला स्नेह पूर्वीसारखा राहिला नाही.

तरी त्यांनी काम सोडले नाही. क्वीन्सलँड व टास्मानियात त्यांनी प्रबोधने दिली. १८८३ पासून मलाया, जावा, जपान येथे संशोधन केले. १८८९ मध्ये सिडनीत त्यांचे निधन झाले. मेरी यांनी पुढे मोठ्या आदराने त्यांचे चरित्र लिहिले. २०१० मध्ये त्या संत घोषित झाल्या.

आपणही धर्मग्रामात एखादे काम उभे करतो. दुसऱ्याने त्यात बदल केला की मन खट्टू होते. आम्हां धर्मगुरूंचेही होते. पण पेरणारे आपण असलो, तरी शेत परमेश्वराचे आहे. आपल्या हातून सुटलेले काम त्याच्या हाती सोपवण्याची कृपा तो आपणांस देवो.