दात्यादात्याचा हिशेब

जमाखर्चात एका पैशाचा फरक आला, तरी तो सापडेपर्यंत आम्ही बँकेतली मंडळी घरी जात नसू. म्हणूनच जेसी रॅम्सडेन हा इंग्रज कारागीर मला आमच्याच जातकुळीतला वाटतो.

यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सजवळ १७३५ साली एका खानावळवाल्याच्या घरी तो जन्मला. कापडधंद्यात उमेदवारी केली. मग विशी उलटल्यावर लंडनमध्ये मोजमापाची उपकरणं करणाऱ्याच्या हाताखाली तो पुन्हा शिकाऊ म्हणून राहिला.

त्या काळी भर समुद्रात रेखांश काढण्यासाठी खलाशी चंद्र आणि तारा यांमधला कोन सेक्स्टंटने मोजत. त्यात एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, चुकली की रेखांश सुमारे अर्ध्या अंशाने चुके. विषुववृत्तापाशी हा फरक पन्नासेक किलोमीटरचा. रात्री वाटेत खडक असला, तर जहाज आणि माणसं दोन्ही गेली! आणि सेक्स्टंटच्या कमानीवरच्या खुणा तर कारागीर हाताने आखत.

रॅम्सडेनने १७७०च्या दशकात त्यासाठी यंत्र केलं. ४५ इंच व्यासाचं आडवं चाक, त्याच्या कडेला २,१६० दाते आणि दात्यांत बसलेला स्क्रू. स्क्रूचा एक फेरा झाला की चाक एकच दाता सरके, म्हणजे दहा कला. सहा फेऱ्यांत बरोबर एक अंश. स्क्रू फिरवताना झालेली लहानशी चूक चाकापर्यंत पोचेतो नगण्य होई. खरी कसोटी होती ती सगळे दाते सारखे पाडण्याची. त्यासाठी निर्दोष स्क्रू हवा, म्हणून त्याने आधी स्क्रू कापणारं यंत्र घडवलं.

ब्रिटनच्या रेखांश मंडळाने त्याला ६१५ पौंड दिले. अट होती: यंत्राची रचना जाहीर करायची आणि इतर कारागिरांनाही शिकवायची. धंद्याचं गुपित असं उघडं करणं सोपं नसतं. त्याने ते केलं. १७७७ साली यंत्राचं सविस्तर वर्णन छापून आलं.

वेळ पाळण्यात मात्र तो साफ नापास. सिसिलीतल्या पालेर्मोच्या वेधशाळेचं पाच फुटी वर्तुळ मिळवायला खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी स्वतः इंग्लंडला येऊन राहिला, तेव्हा कुठे ते १७८९ साली हाती पडलं. डब्लिनजवळच्या वेधशाळेचं वर्तुळ तर रॅम्सडेनच्या हयातीत पुरंच झालं नाही.

५ नोव्हेंबर १८०० रोजी तो वारला. दोनच महिन्यांनी, १ जानेवारी १८०१च्या रात्री, पियाझ्झीला त्याच वर्तुळावर सेरेस सापडला, मंगळ आणि गुरू यांच्या मधला. हिशेब जुळला होता. पाहायला हिशेबनीस तेवढा उरला नव्हता.