गोडार्ड यांचा साठ फुटी मनोरा

द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या रॉकेटचे जनक म्हणून डॉ. रॉबर्ट हचिंग्ज गोडार्ड यांचे नाव जगभर आदराने घेतले जाते. रॉकेट आकाशात झेपावले की सर्वांच्या नजरा त्याच्यामागे धावतात. ज्या चौकटीतून ते सुटले, ती मात्र विस्मरणात जाते. गोडार्ड यांच्या आयुष्याचा मोठा भाग या विस्मरणात जाणाऱ्या, जमिनीवरच राहणाऱ्या सामग्रीची निवड आणि उभारणी करण्यात गेला.

५ ऑक्टोबर १८८२ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात, वूस्टर येथे त्यांचा जन्म झाला. प्रकृती लहानपणापासूनच नाजूक होती. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी चेरीच्या झाडावर चढले असता मंगळापर्यंत जाऊ शकणाऱ्या यंत्राची कल्पना त्यांच्या मनात आली आणि पुढे आयुष्यभर त्यांनी तो दिवस स्मरणदिन म्हणून पाळला. १९१३ मध्ये क्षयाने त्यांना गाठले. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण ते बचावले आणि १९१४ मध्ये बहुटप्पी व द्रव-इंधनी रॉकेटांची पेटंटे त्यांच्या नावावर झाली. क्लार्क विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच स्मिथसोनियन संस्थेने १९१७ मध्ये त्यांना पाच हजार डॉलरचे अनुदान मंजूर केले. संशोधनावरील त्यांचा प्रबंध १९२० च्या आरंभी लोकांसमोर आला, तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून त्यांची खिल्ली उडविली. निर्वात पोकळीत रॉकेट चालणारच नाही, असा त्या पत्राचा समज होता. स्वभावतःच अबोल असलेले गोडार्ड यानंतर अधिकच अंतर्मुख झाले.

१६ मार्च १९२६ रोजी ऑबर्न गावी, त्यांच्या नात्यातील एफी वॉर्ड यांच्या शेतावर पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन यांवर चालणारे पहिले रॉकेट उडाले. त्या दिवशीची सामग्री अगदी साधी होती. नळ्या जोडून केलेली एक उघडी चौकट होती. लांब काठीच्या टोकाला बांधलेल्या ज्योतीने एका सहायकाने इंजिन पेटविले. पत्नी एस्थर छायाचित्रणासाठी उभ्या होत्या. इंजिन पेटले, तरी रॉकेट लगेच हलले नाही. काही इंधन जळून वजन घटल्यावरच ते वर निघाले. अडीच सेकंदांत ४१ फूट उंची गाठून ते १८४ फुटांवर कोबीच्या शेतात पडले.

या उड्डाणातून एक धडा मिळाला. त्या रॉकेटचे इंजिन वरच्या टोकाला होते. इंजिनाने वरून ओढले म्हणजे रॉकेट सरळ जाईल, ही कल्पना फोल होती. कारण रॉकेट कलले की इंजिनाचा जोरही त्याच्याबरोबर कलतो. मागे पंख लावले, तरी ते वाऱ्याचा झोत वेगाने अंगावरून वाहू लागल्याशिवाय काम करीत नाहीत. आरंभीचे काही क्षण रॉकेटला आधार देऊन दिशा दाखविणारे काही तरी जमिनीवरच असावे लागते. रॉकेट जितके जड आणि मंद, तितका हा मार्ग लांब हवा. स्थिर त्वरण धरले, तर मार्ग चौपट केल्यावर सुटतानाचा वेग दुप्पट होतो. म्हणून नळ्यांच्या चौकटीच्या जागी ऑबर्नच्या शेतावर साठ फूट उंचीचा मनोरा आला.

१७ जुलै १९२९ रोजी वायुभारमापक, तापमापक आणि कॅमेरा घेऊन एक रॉकेट याच शेतावरून उडाले. त्याच्या आवाजाने विमान कोसळल्याचा समज झाला आणि पोलीस व रुग्णवाहिका धावत आल्या. राज्यातील अग्निशमन अधिकाऱ्यांनी पुढील उड्डाणांना मनाई केली. मनोरा उचलून डेव्हन्स येथील लष्करी जागेत न्यावा लागला. त्याच वर्षी विख्यात वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांनी गोडार्ड यांची भेट घेतली आणि त्यांच्या मध्यस्थीने डॅनियल गुगेनहाइम यांच्याकडून भरीव अर्थसाहाय्य मिळाले.

१९३० मध्ये गोडार्ड न्यू मेक्सिको राज्यातील रॉसवेल येथे गेले. तोच जुना मनोरा कार्यशाळेपासून सुमारे पंधरा मैलांवर, विस्तीर्ण माळरानावर पुन्हा उभा राहिला. कार्यशाळेजवळ वीस फुटांचा दुसरा मनोरा बांधला गेला. त्यात रॉकेट जड वजनांनी दाबून धरीत आणि न उडविताच इंजिनाचा जोर मोजीत. काठीवरच्या ज्योतीचा काळ संपला होता. आता सुमारे हजार फुटांवरील आडोशातून, विजेच्या तारांद्वारे रॉकेट पेटविले आणि सोडले जाई. ३० डिसेंबर १९३० रोजी अकरा फुटी रॉकेटने दोन हजार फुटांची उंची गाठली. मनोऱ्याची साथ सुटल्यावर मार्ग राखण्यासाठी त्यांनी पुढे घूर्णदर्शीचा, म्हणजे जायरोस्कोपचा उपयोग केला. २८ मार्च १९३५ रोजी अशा रॉकेटने ४,८०० फुटांची मजल मारली.

१० ऑगस्ट १९४५ रोजी बाल्टिमोर येथे घशाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावरील २१४ पेटंटांपैकी १३१ पेटंटे एस्थर यांनी त्यांच्या पश्चात मिळविली. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या नासाच्या अवकाश केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. चंद्राकडे माणूस निघाल्यावर, १७ जुलै १९६९ रोजी, न्यूयॉर्क टाइम्सनेही आपली चूक कबूल केली.

आज छंद म्हणून छोटी रॉकेटे उडविणाऱ्यांपुढेही तेच प्रश्न असतात. हलक्या रॉकेटला मीटरभर लांबीची बारीक पोलादी सळई पुरते. जड रॉकेटला भक्कम आणि लांब रूळ लागतो. झोत परतविण्यासाठी खाली धातूची चकती असते. बॅटरी, लांब तार आणि किल्लीशिवाय न चालणारा खटका, हे प्रज्वलनाचे साहित्य असते. लहान इंजिनांसाठीसुद्धा किमान पंधरा फूट दूर राहण्याचा दंडक अमेरिकेतील हौशी मंडळी पाळतात. रॉकेट खरेदी करण्याच्या उत्साहात नवशिक्याचे याच साहित्याकडे दुर्लक्ष होते. ज्यांनी आपला मनोरा तीन ठिकाणी उभारला, त्या गोडार्ड यांचे चरित्र अशांनी अवश्य डोळ्यांसमोर ठेवावे.