डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस यांचे अल्पचरित्र

निरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर जगणाऱ्या आपल्या सणसर भागातील मुलांना एक गोष्ट निराळी सांगावयास नको. कालव्यास पाणी सुटले म्हणजे मुखाकडील शिवारे तुडुंब भिजतात, आणि टेलाकडील शेतकरी मात्र पाळीची वाट पाहत बांधावर बसून राहतो. त्याचे पीक कमी तहानलेले असते असे नव्हे. पाणी तेथवर पोहोचत नाही, एवढेच. वर्तमानपत्रांतील बातम्यांचेही पुष्कळ अंशी असेच आहे. जगात एके ठिकाणी रक्तपात झाला की पहिली पृष्ठे त्याने भरून जातात. दुसऱ्या ठिकाणी तितकीच, किंवा त्याहूनही अधिक माणसे मरतात, आणि ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत आटोपते. वाचणाराची दयाही मग बातमीच्या मागोमाग चालू लागते. बातमी ओसरल्यावरही जिची दया ओसरली नाही अशी एक व्यक्ती आपल्या शेजारच्याच जिल्ह्यात जन्मास आली होती. इंदापुरावरून जो मोठा रस्ता पूर्वेकडे सोलापुरास जातो, त्या सोलापूर शहरचे डॉक्टर द्वारकानाथ शांताराम कोटणीस हेच ते होत.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापूर येथे झाला. वडील शांतारामपंत गिरणीत नोकरीस होते. घरची स्थिती बेताची आणि भावंडे पुष्कळ. अशा घरातील मुलाने डॉक्टर होण्याचा ध्यास घ्यावा आणि तो शेवटास न्यावा, यात त्याच्या चिकाटीइतकेच आईबापांच्या काटकसरीचेही श्रेय आहे. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीचे शिक्षण घेतले.

द्वारकानाथ वीस वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा त्यांच्या जन्मगावी गोळीबार होऊन पुष्कळ रक्त सांडले. मे १९३० मध्ये सोलापुरात मार्शल लॉ पुकारण्यात आला. राष्ट्रीय निशाण लावणे हाही गुन्हा ठरला. आणि पुढे १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व किसन सारडा या चौघांस फाशी देण्यात आले. आपल्या गावावर असा प्रसंग गुदरला म्हणजे बाहेरच्या जगाने आपली विचारपूस करावी असे कोणासही वाटते. सोलापूरच्या माणसास ही भावना परकी नव्हती.

पुढे सात वर्षांनी, ७ जुलै १९३७ रोजी, पेकिंग शहराजवळ जपानी व चिनी सैन्यांची चकमक झडली आणि तिच्यातून मोठे युद्ध पेटले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नानकिंग ही राजधानी पडली व तेथे निःशस्त्र नागरिकांची भयंकर कत्तल झाली. चीनमध्ये जखमींची संख्या अफाट आणि डॉक्टर मूठभर, अशी अवस्था होती. तेव्हा सेनापती चू तेह यांनी पंडित जवाहरलाल नेहरू यांना पत्र पाठवून वैद्यकीय साहाय्य मागितले. १९३८ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशास आवाहन केले. ज्या देशास स्वतःचेच राज्य नव्हते, त्याने सुमारे २२,००० रुपये गोळा केले आणि पाच डॉक्टर निवडले. अलाहाबादचे डॉ. अटल हे पथकाचे प्रमुख होते. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुकर्जी, आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे इतर चौघे होत.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. हे आवाहन लोकांपर्यंत पोहोचले ते वर्तमानपत्रांनीच पोहोचविले. तेव्हा वृत्तपत्रे निरुपयोगी आहेत असे कोणी समजू नये. ती हाक देऊ शकतात. परंतु हाकेस ओ देऊन तेथे टिकून राहणे हे त्यांचे काम नव्हे, ते माणसाचेच काम आहे. डॉ. कोटणीस त्या वेळी वैद्यकीच्या वरच्या परीक्षेची तयारी करीत होते. शिकून तयार झालेला मुलगा आता घरास हातभार लावील, अशी वेळ आलेली होती. तरीही त्यांनी जाण्याचे ठरविले.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक ‘राजपुताना’ या बोटीने मुंबईहून निघाले आणि १७ सप्टेंबर रोजी कँटन बंदरी पोहोचले. योगायोग असा की, त्याच महिन्यात युरोपात म्युनिकचा करार झाला आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वेधले. पुढच्याच महिन्यात कँटन व हँकाऊ ही दोन मोठी शहरे जपान्यांच्या हाती पडली. पथकास मागे हटत हटत चुंगकिंग गाठावे लागले.

चुंगकिंग येथे असतानाच डॉ. कोटणीसांस वडील वारल्याची बातमी समजली. या प्रसंगाचा विचार वाचकांनी, विशेषतः पालकांनी, अंमळ थांबून करावा. घरी आई, धाकटी भावंडे, संसाराचा भार. आणि मुलगा हजारो मैल दूर. त्या दिवशी ते परत फिरते तर कोणीही त्यांस दोष दिला नसता. तथापि ज्या कामासाठी आपण आलो ते अद्याप सुरूही झाले नाही, हे त्यांना दिसत होते. ते पुढे निघाले, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनान येथे दाखल झाले. तेथे डोंगराच्या कड्यांत कोरलेल्या गुहा हीच घरे आणि हीच रुग्णालये होती.

पथकाची मुदत मुळात एका वर्षाची होती. डॉ. चोळकर व डॉ. मुकर्जी १९३९ सालीच परतले; पुढे डॉ. अटलही परतले. त्यांनी आपले कर्तव्य केलेच होते. त्यांच्याकडे उणेपणाने पाहण्याचे कारण नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये युरोपात महायुद्ध सुरू झाले आणि चीनचे युद्ध वृत्तपत्रांच्या पानांत आणखी मागे सरले. वस्तुतः ते १९४५ पर्यंत चालले आणि त्यात कोट्यवधी माणसे दगावली वा देशोधडीस लागली. बातमी मागे सरत होती त्याच काळात डॉ. कोटणीस पुढे, उत्तर चीनमधील रणक्षेत्राच्या दिशेने, जात होते.

त्या प्रदेशात कॅनडाचे शस्त्रवैद्य नॉर्मन बेथून जखमींची सेवा करीत असत. शस्त्रक्रिया करताना बोटास झालेल्या जखमेतून विष भिनून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी त्यांचा अंत झाला, आणि दोघांची भेट होण्याचे राहूनच गेले. त्यांचे नाव दिलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये डॉ. कोटणीसांकडे आले. औषधांची टंचाई, उपकरणांची वाण, आणि शत्रू जवळ आला की रुग्णांसह दुसऱ्या गावी हलावे लागे. १९४० सालच्या एका दीर्घ लढाईत त्यांनी ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईतील ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, असे त्यांच्या चरित्रकारांनी नमूद केले आहे.

तथापि रुग्णांची सेवा एवढ्यानेच ते संतुष्ट नव्हते. आपण गेल्यावरही काम चालू राहावे म्हणून तरुण चिनी मुलामुलींना वैद्यकी शिकविणे अवश्य होते. त्यासाठी त्यांनी चिनी भाषा परिश्रमाने आत्मसात केली आणि त्याच भाषेत पाठ देऊ लागले. सोलापूरच्या मराठी घरातला हा मुलगा तेथील लोकांत ‘को तिहुआ’ या नावाने ओळखला जाऊ लागला. १९४१ च्या अखेरीस क्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२ साली ते तेथील कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही झाले. त्याच वर्षी ऑगस्टात त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. त्यात ‘यिन’ म्हणजे हिंदुस्थान आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

परंतु अतिश्रम, अपुरे अन्न आणि कडाक्याची थंडी यांनी शरीर खचत गेले होते. त्यांस अपस्माराचे झटके येऊ लागले. विश्रांतीसाठी सुरक्षित जागी जाण्याची सूचना त्यांनी मानली नाही. अखेर ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, होपेई प्रांतातील एका खेड्यात त्यांचे निधन झाले. मूल तेव्हा चार महिन्यांचेही नव्हते.

युद्ध संपल्यावर १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्या जीवनावर ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा बोलपट काढला, आणि त्यांचे नाव भारतात घरोघर पोहोचले. चीनमध्ये शिचियाच्वांग शहरातील हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत त्यांची समाधी आहे. १९६२ साली भारत व चीन यांचेच आपसांत युद्ध झाले, तरी त्या समाधीचा आदर चिनी लोकांनी सोडला नाही. पुत्र यिनहुआ १९६७ साली ऐन तारुण्यात मरण पावला. त्या मातेने ते दुःखही सोसले. १९८२ मध्ये चीनने आणि १९९३ मध्ये भारताने डॉ. कोटणीसांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. सोलापुरात आज त्यांचे स्मारक आहे.

हे चरित्र वाचून कोणी विचारील की, आपल्या घरात, आपल्या गावात दुःख थोडे आहे काय, म्हणून परक्यासाठी धावावे? प्रश्न रास्त आहे, आणि डॉ. कोटणीसांच्या घरानेही त्याची किंमत भरली. परंतु आपल्या शेजारच्या रुग्णाचे कण्हणे ज्यास ऐकू येत नाही, त्याला चीनमधील जखमीचे ऐकू यावे असे क्वचितच घडते. जवळची दया आणि दूरची दया या दोन निराळ्या वस्तू नव्हेत.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, आपणांपैकी प्रत्येकाने परदेशी जावे असे नाही. परंतु उद्या वर्तमानपत्र हाती घ्याल, तेव्हा मोठ्या अक्षरांतील मजकूर वाचून ते खाली ठेवू नका. आतल्या पानावरील चार ओळींची बातमी शोधा, ज्या देशाची ती असेल तो देश नकाशात पाहा, आणि घरी वडीलमंडळींस ती वाचून दाखवा. टेलाच्या शेतकऱ्याचे दुःख ज्यांस कळते, त्या आपल्या गावच्या मुलांना हे जड जाऊ नये.