कप्तान कुक व न्यूफाउंडलंडचा किनारा

कप्तान जेम्स कुक हे नाव आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. पॅसिफिक महासागरातील त्याच्या तीन सफरी जगप्रसिद्ध आहेत. परंतु त्यापूर्वी १७६३ पासून १७६७ पर्यंत त्याने अमेरिकेच्या ईशान्येकडील न्यूफाउंडलंड बेटाचा किनारा मोजला, ती हकीकत फारसे कोणी सांगत नाही. आमच्या मते त्याची खरी योग्यता तेथेच दिसून येते.

यॉर्कशर परगण्यातील एका शेतमजुराच्या घरी १७२८ साली त्याचा जन्म झाला. व्हिटबी बंदरी जॉन वॉकर नामक क्वेकर पंथी गृहस्थापाशी, कोळशाच्या गलबतांवर, त्याने उमेदवारी केली. पुढे तो आरमारात शिरला. १७५८ साली सॅम्युअल हॉलंड हा लष्करी इंजिनिअर किनाऱ्यावर मोजणी करीत असता कुकने त्यास गाठून ती विद्या आपणांस शिकविण्याची विनंती केली. तेव्हा तो तिशीस आला होता!

न्यूफाउंडलंडचा किनारा अति बिकट. शेकडो बेटे, चिंचोळ्या खाड्या, दाट धुके, आणि पाण्याखाली दडलेले खडक. कॉड मासा धरणारे कोळी दरसाल तेथे येत; त्यांचे प्राण या खडकांच्या माहितीवर अवलंबून असत. जुने नकाशे बहुतेक अदमासाने काढलेले होते. कुकची रीत निराळी. प्रथम तो किनाऱ्यावर सपाट जागी एक रेषा नीट मोजून घेई. मग टेकड्यांवर निशाणे रोवून यंत्राने कोन घेई व त्यांवरून अंतरे काढी. इकडे लहान होड्यांतून शिशाचे वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजीत. असे उन्हाळाभर चाले. हिवाळ्यात घरी नकाशे रेखाटणे. १७६४ च्या ऑगस्टात दारूचे शिंग हातातच फुटून त्याचा उजवा हात भयंकर भाजला. तरी त्या साली काम बंद पडले नाही. १७६६ साली बर्जिओ बेटांजवळ त्याने सूर्यग्रहणाचा वेध घेतला, व त्यावरून त्या स्थळाचे रेखांश निश्चित करण्यात आले. हे नकाशे पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ नावाड्यांच्या उपयोगी पडले.

१४ फेब्रुवारी १७७९ रोजी हवाई बेटात, तेथील राजास ओलीस धरू पाहताना (हे कृत्य आम्हांस योग्य वाटत नाही), तो मारला गेला. काही दिवसांनी लोकांनी त्याचे अवशेष परत आणून दिले. त्यांतील एक हात त्याच्या सोबत्यांनी न्यूफाउंडलंडातील त्या जखमेच्या वणावरून ओळखला.