मस्जिदे नबवीतील तंबू : हजरत रुफैदा (रजि.)

मदीनेच्या मस्जिदे नबवीत एके काळी जखमींसाठी तंबू उभा होता. तो अस्लम कबिल्यातील हजरत रुफैदा (रजि.) यांचा. त्या जखमींवर औषधोपचार करीत आणि ज्यांची काळजी घेणारे कोणी नसे, त्यांची सेवा केवळ पुण्यप्राप्तीसाठी स्वतःहून पत्करीत.

हिजरी सन 5 मध्ये (इ.स. 627) खंदकच्या लढाईत औस कबिल्याचे सरदार हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांच्या हाताची शीर बाणाने तुटली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना मशिदीतच ठेवविले, हेतू हा की, त्यांची विचारपूस जवळून करता यावी. ते सकाळ-संध्याकाळ त्यांची प्रकृती विचारीत.

पुढे जखम पुन्हा वाहू लागली व सअद (रजि.) यांचे निधन झाले. मग रुफैदा (रजि.) यांची सेवा व्यर्थ गेली काय? मुळीच नाही. शिफा अल्लाहच्या हाती आहे. आपल्यावर सोपविली आहे ती शुश्रूषा व सोबत.

आज मशीद व रुग्णालय एका छताखाली नाहीत. म्हणून नाशिकच्या शासकीय रुग्णालयात आपला नातलग पाहावयास जाल, तेव्हा शेजारच्या खाटेवरील एकाकी रुग्णाचीही विचारपूस करा, मग तो कोणत्याही धर्माचा असो. थोडाच वेळ बसा, दुआ करा. उठू न शकणाऱ्या मुस्लिम रुग्णास तयम्मुमची आणि बसून वा पडून नमाज अदा करण्याची सवलत समजावून सांगा. कित्येक रुग्ण ती ठाऊक नसल्यामुळेच मनात झुरत असतात.