संत इसिदोर : नांगर धरणारा संत

शेतांतील पहिलीं कणसें देवळांत न्यावयाचीं, त्यांवर परमेश्वराचा आशीर्वाद मागावयाचा आणि मगच नव्या भाताचा घांस तोंडांत घालावयाचा, ही चाल वसई, साष्टी व गोमांतक येथील आपल्या वाडवडिलांनीं घालून दिलेली आहे. परंतु जगांतील ख्रिस्ती शेतकरी ज्यांस आपला कैवारी मानतात, त्या संत इसिदोर ह्यांचें चरित्र आपल्यांतील पुष्कळांस ठाऊक नसतें. म्हणून ह्या ज्युबिलीच्या पुस्तकांत तें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

इसिदोर ह्यांचा जन्म स्पेन देशांतील माद्रिद येथें अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत झाला. माद्रिद हें त्या काळीं राजधानी नव्हतें. तें तटबंदीचें एक लहानसें गांव होतें. १०८५ च्या सुमारास कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो ह्यानें तें मूर लोकांपासून घेतलें, तरी सरहद्द जवळ असल्यामुळें लढायांचें भय सरलें नव्हतें. गरिबाच्या घरीं जन्मलेल्या ह्या मुलास आईबापांनीं सेव्हिलच्या थोर विद्वान बिशपांचें नांव दिलें खरें. पण शाळेचें तोंड पाहण्याचा योग त्याच्या नशिबीं नव्हता. विहिरी खणणें व दुसऱ्याची जमीन कसणें हाच त्यांचा जन्माचा व्यवसाय झाला. पुढें मूरांच्या स्वारीमुळें त्यांस तोर्रेलागूना येथें आश्रय घ्यावा लागला आणि तेथेंच मरिया नांवाच्या साध्वी स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला, असें परंपरा सांगते. माद्रिदला परतल्यावर ते व्हार्गास घराण्यांतील एका जमीनदाराकडे मजुरीस राहिले, ते अखेरपर्यंत.

इसिदोर रोज पहांटे देवळांत जात, मिस्सा ऐकत, प्रार्थना करीत आणि नंतर शेतावर येत. सोबतच्या गड्यांस हें खपेना. त्यांनीं धन्याच्या कानावर घातलें कीं, हा मनुष्य मजुरी पुरी घेतो आणि नांगर मात्र उशिरां धरतो. येथें गड्यांस केवळ मत्सरी म्हणून मोकळें होणें मला बरोबर वाटत नाहीं. मजुराची वेळ ही धन्याची असते, आणि देवाच्या नांवानें ती घेणें हीही एक प्रकारची चोरीच नव्हे काय, हा प्रश्न खरा आहे. इसिदोर ह्यांनीं तो टाळला नाहीं. आपल्यामुळें पीक कमी आलें तर ती तूट आपण स्वतःच्या वांट्यांतून भरून देऊं, असें त्यांनीं धन्यास सांगितलें. तरीही धनी खात्री करून घेण्यासाठीं एके दिवशीं शेताजवळ लपून बसला. इसिदोर उशिरां आले, त्यांनीं जू जोडलें, आणि धन्याच्या दृष्टीस त्यांच्या दोहों बाजूंस पांढऱ्या शुभ्र बैलांचे आणखी दोन नांगर चाललेले पडले. जवळ जाऊन पाहतो तों इसिदोर एकटेच. मदतीला कोण होतें असें विचारतां, ज्या देवाचा आपण धांवा करतों त्याच्यावांचून आपणांस दुसरें कोणी दिसलें नाहीं, एवढेंच ते म्हणाले. ते देवदूत होते असें लोक मानूं लागले, आणि चित्रकारांनींही त्यांस तसेंच रंगविलें.

ही कथा तेराव्या शतकाच्या अखेरीस योहान नांवाच्या एका डीकननें लिहिली असें मानितात. म्हणजे संतांच्या मृत्यूनंतर शंभरांहून अधिक वर्षें ती गांवकऱ्यांच्या तोंडींच राहिली होती. त्याच लॅटिन ग्रंथांत दानधर्माच्याही कथा आहेत. हिंवाळ्यांत बर्फ पडलें असतां इसिदोर गव्हाचें पोतें घेऊन गिरणीकडे चालले होते. झाडांवर उपाशी पारवे बसलेले पाहून त्यांनीं हातापायांनीं बर्फ बाजूला सारलें आणि गहूं जमिनीवर ओतला. सोबती हंसला, पण गिरणीवर पोंचल्यावर पोतें जसेंच्या तसें भरलेलें निघालें. दुसऱ्या एका प्रसंगीं दारीं भिकारी आला, तेव्हां हंडींत कांहीं उरलें असल्यास त्यास वाढ, असें इसिदोर ह्यांनीं पत्नीस सांगितलें. हंडी रिकामी आहे हें तिला पक्कें ठाऊक होतें. तरीही पतीच्या शब्दाला मान देऊन ती ती आणावयास गेली आणि हंडी भरलेली पाहून चकित झाली. मला ह्या कथेंत भरलेल्या हंडीपेक्षां ती रिकामी आहे हें जाणून उठलेली ती बाईच अधिक मोठी दिसते. रोमनेंही तिचा विसर पडूं दिला नाहीं. १६९७ सालीं तिला धन्य म्हणून गौरविण्यांत आलें.

इसिदोर ह्यांचा मृत्यु ११३० सालीं झाला, असें परंपरा मानते. गरिबाच्या रिवाजाप्रमाणें त्यांस सेंट आंद्रेच्या देवळाच्या आवारांत पुरलें, आणि पुढें चाळीस वर्षांनीं त्यांचा देह आंत देवळांत आणिला. १६१९ सालीं पोप पांचवे पॉल ह्यांनीं त्यांस धन्य ठरविलें. त्याच सालीं राजा तिसरा फिलिप प्रवासांत फार आजारी पडला असतां ह्या मजुराचा देह त्याच्या बिछान्यापाशीं नेण्यांत आला, आणि राजा बरा झाला.

१२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनीं रोम येथें पांच जणांस एकदम संतपद दिलें. इसिदोर, इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आव्हिलाची तेरेजा आणि फिलिप नेरी. ह्यांत गंमत अशी कीं, सेंट पीटरच्या देवळांतील ती सगळी शोभिवंत मांडणी मूळ इसिदोर ह्यांच्यासाठीं झालेली होती. बाकीचे चौघे मागाहून त्या समारंभांत आले. ज्यांच्या पवित्र देहाच्या दर्शनास आपले लोक गोव्यास जातात, ते संत फ्रान्सिस झेवियर अशा रीतीनें एका शेतमजुराच्या मांडवांत संत झाले.

इसिदोर ह्यांचा सण १५ मे रोजीं येतो. मांझानारेस नदीपलीकडे ज्या रानांत त्यांनीं नांगर धरला, तेथें आतां शहर पसरलेलें आहे. नांगराची एक तास घालण्याजोगी जागा उरलेली नाहीं. परंतु तहानलेल्या धन्यासाठीं त्यांनीं जमिनींतून काढला असें सांगतात तो झरा तेथील प्रार्थनामंदिराजवळ आहे, आणि सणाच्या दिवशीं माद्रिदचे लोक त्याचें पाणी पिण्यासाठीं रांग लावून उभे राहतात.